फरशीवरचा नमुना

१२ जानेवारी

प्रिय वन्सं,

हो, वन्सं. असं म्हटलं की तू नाक मुरडतेस हे मला माहीत आहे. मुरड. इथे माझं नाक गेला दीड महिना मुरडलेलंच आहे.

फोन सोडून पत्र कुठून काढलं, असं विचारशील. तुझ्या भावाचा पलंग बैठकीच्या खोलीत, आणि आमचं घर केवढं ते तुला ठाऊक आहे. पक्षाघाताने त्याचा उजवा हात नेला, पाय नेला, अर्धी जीभ नेली. कान मात्र होते त्याहून तिखट झालेत. मी स्वयंपाकघरात कुजबुजले तरी बाहेरून "क-काय?" येतं. म्हणून शिवणाच्या मशीनवर कागद ठेवून लिहितेय. त्याला वाटतंय, गिऱ्हाइकाची मापं उतरवून घेतेय.

विषय टिकलीचा आहे. ती घरभर मुततेय. याहून सभ्य शब्द होता, पण दीड महिन्यात तो संपला. नऊ वर्षांची कुत्री, पिल्लू असताना दोन आठवड्यांत शिकली होती बाहेर जायला. आता पाच पावलं चालते, बसते, कुंथते, दोन थेंब गाळते, उठते आणि पुन्हा बसते. थेंबांना गुलाबी झाक. आणि वास! कुजक्या मासळीच्या पाण्यात गंजके खिळे भिजत घातलेत असा. फिनेल ओतलं की फिनेलचा आणि त्याचा मिळून तिसराच वास तयार होतो. जेवताना घास तोंडाशी नेला की आधी तो वास तोंडात जातो.

परवा ती गिऱ्हाइकाच्या कोटावर बसली. राखाडी लोकरीचा, अस्तर बदलायला आलेला. मी तो तीन वेळा पुसला, दोन दिवस उन्हात टांगला. बाई घ्यायला आल्या, कोट नाकाशी नेला, माझ्याकडे पाहिलं आणि तो दोन बोटांत धरून निघून गेल्या. सव्वीस वर्षांत माझ्या हातचा कपडा कोणी दोन बोटांत धरला नव्हता.

कोपऱ्यावर जनावरांच्या डॉक्टरीणबाई आहेत. चेहऱ्यावरून अजून कॉलेजातच असाव्यात अशा. त्या म्हणाल्या, मूत्राशयात जंतू झालेत. सात दिवसांच्या गोळ्या दिल्या, सकाळ-संध्याकाळ एक. दोन-तीन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. मग चौदा दिवसांच्या दुसऱ्या, जास्त जहाल. मग पुन्हा तेच.

तू जन्मभर लोकांच्या लघव्या तपासत आलीस. सांग आता, काय करू? तुझा भाऊ तिच्याकडे बघून डोळ्यांत पाणी आणतो, आणि मला तिच्याकडे बघून मळमळतं.

तुझी वहिनी


१७ जानेवारी

प्रिय वहिनी,

पत्र डबा खाताना उघडलं ही माझी चूक. डबा तसाच बंद केला. मला, जिचं टेबलच लघवीच्या बाटल्यांचं आहे, तिला तू जेवणावरून उठवलंस. कमाल आहे तुझी.

तुझ्या डॉक्टरीणबाईंचा मात्र मला संताप आला. एक औषध चाललं नाही तर दुसरं, दुसरं चाललं नाही तर आणखी जहाल. आत कोणता जंतू बसलाय हे बघितलंय कोणी? अंधारात दगड मारल्यासारखं हे. दुबळे जंतू मरतात, दांडगे उरतात आणि मग मूत्राशयभर त्या दांडग्यांचीच पोरंबाळं. पुढच्या वेळी तेच औषध त्यांना नुसत्या गुदगुल्या करतं. आमच्या लॅबमध्ये रोज असे अहवाल निघतात. दहा औषधांची नावं आणि नऊंपुढे "चालत नाही". माणसांचे असतात, पण जंतूला माणूस काय आणि कुत्रं काय.

गोळ्या तू दिल्यास म्हणजे त्या पोटात गेल्याच, त्याबद्दल मी विचारत नाही. तुझं काम मला माहीत आहे.

आता ऐक. लघवीचं कल्चर करायचं, म्हणजे आतला जंतू प्लेटवर वाढवून ओळखायचा आणि त्याच्यावर कोणतं औषध चालतं ते बघायचं. सगळ्यात उत्तम म्हणजे डॉक्टरने पोटातून सुई घालून थेट मूत्राशयातून घ्यायची. ते नको असेल तर ती बाहेर बसली की मधल्या धारेखाली निर्जंतुक बाटली धर. फरशीवरची नको, फरशीवर सगळ्या जगाचे जंतू असतात. बाटली लगेच बर्फात, आणि त्याच दिवशी इथे पोचली पाहिजे. माझ्या साहेबांना विचारलंय, करू म्हणाले.

आणि एक. दादाला लघवीची नळी आहे. नळी म्हणजे जंतूंना उघडं दार. टिकलीला पुसलेलं फडकं, तो हातमोजा, ती बादली त्याच्या पलंगाजवळ जाता कामा नये. तिला पलंगावर चढू देऊ नकोस. दादाला ताप आला तर मला लगेच कळव. ताप नसताना मात्र त्याची लघवी तपासायला धावू नकोस. नळीवाल्यांच्या लघवीत जंतू सापडतातच, आणि सापडले की कोणीतरी उगाच औषध देतं.

तुझी (आणि वन्सं म्हणायचंच असेल तर म्हण)


२४ जानेवारी

प्रिय वन्सं,

नमुना पाठवलाय. कुरिअरवाला म्हणाला संध्याकाळपर्यंत पोचेल. कसा घेतला ते विचारू नकोस, घेतला एकदाचा. बाटली धुऊन घेतली, तीन वेळा साबणाने हात धुतले, तरी बोटांना वास आहेच. सुईत दोरा ओवताना बोटं नाकाजवळ येतात ना, तेव्हा कळतं.

टिकलीला पलंगावर चढू देत नाही. तुझा भाऊ डावा हात खाली सोडून बसतो, ती येऊन तो चाटते. तो हात मी नंतर पुसते. दिवसभर मी काही ना काही पुसतेच आहे.

वहिनी


३० जानेवारी

प्रिय वहिनी,

कल्चर लागलं. आणि काय लागलं म्हणतेस! प्लेटवर लाटाच लाटा. हा जंतू एका जागी बसत नाही, सगळ्या प्लेटवर पसरत जातो, झाकण उघडलं की वासाने शेजारच्या टेबलावरची मुलगी उठून जाते. गोळ्यांपैकी एकही चालत नाही. फक्त एक इंजेक्शन चालतं.

मी तुझ्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. अहवाल वाचून दाखवला आणि चांगलं फैलावरही घेतलं. बिचारी नुसतं "हो, हो" करत होती. हे इंजेक्शन मूत्रपिंडांना जड जातं म्हणून तिची तयारी नव्हती. मी म्हटलं, अहवाल समोर आहे, आता कसला विचार करताय? शेवटी तयार झाली. उद्यापासून रोज एक.

सुटशील बघ आता.

तुझी


१४ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

सुटले नाही.

सहा इंजेक्शनं झाली. चौथ्या दिवशी टिकलीने खाणं सोडलं. पाचव्या दिवशी पिवळं ओकली, माझ्या मशीनच्या पायडलवर. सहाव्या दिवशी नुसतीच पडून राहिली, खालून लघवी झिरपतेय आणि उठायचं भान नाही. तिच्या तोंडालाही लघवीचा वास यायला लागला. खरंच सांगते, तोंडाला. मला वाटलं, आता ही कुत्री म्हणजे सगळी एक भिजलेली, कुजलेली चिंधी झाली.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. मूत्रपिंडांवर परिणाम झालाय. इंजेक्शन थांबवून सलाइन लावलं. मग सोनोग्राफी केली. हे आधीच करायला हवं होतं, असं त्या स्वतःच म्हणाल्या. मूत्राशयात खडा आहे, सुपारीएवढा. जंतू त्या खड्याच्या आत घर करून बसलेत म्हणे. पोटातून सुई घालून लघवी काढली आणि बर्फाच्या डब्यातून त्यांच्याच माणसाबरोबर तुझ्याकडे पाठवली. एव्हाना मिळाली असेल.

निघताना त्यांनी मला विचारलं, "काकू, रागावू नका. सुरुवातीच्या गोळ्या सगळ्या पोटात गेल्या होत्या ना? पूर्ण सात दिवस?"

मी म्हटलं, "हो."

वहिनी


१५ फेब्रुवारी

वन्सं,

कालचं पत्र पेटीत टाकून आले, आणि आज पुन्हा लिहायला बसले. तुझं उत्तर यायची वाट बघत नाही.

गोळ्या गेल्या नव्हत्या.

पहिल्या दिवशी दिली. जबडा उघडला, बोट घशापर्यंत घातलं, ती गरम लाळ, ती जीभ. गोळी विरघळून पांढरा फेस झाला आणि तो माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत आला. दुसऱ्या दिवशी उकडलेल्या अंड्यात घालून दिली, अंडं खाल्लं आणि गोळी थुंकली. तिसऱ्या दिवशी मी ती गोळी संडासात टाकली आणि पाणी सोडलं. तुझा भाऊ पलंगावरून विचारत होता, "दि-दिली?" मी म्हटलं, "दिली." त्यानंतर ज्या दिवशी अंगात त्राण असेल त्या दिवशी देत होते, नसेल त्या दिवशी संडासात. चौदा दिवसांच्या गोळ्यांचंही तेच. पाच-सहा गेल्या असतील. तू लिहिलंस, "तुझं काम मला माहीत आहे." ते वाक्य मी चार वेळा वाचलं.

आणि नमुना फरशीवरचा होता. तिच्या मागे बाटली घेऊन वाकणं मला झालं नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी थारोळं होतं, ते मी औषधाच्या पिचकारीने ओढून घेतलं. बर्फही नव्हता. कुरिअरला दोन दिवस लागणार हेही मला माहीत होतं.

आता म्हणशील, एवढी कसली नाजूक? बाळंतपणं केलीस, सासूबाईंचं शेवटचं सगळं केलंस, तेव्हा कुठे होती ही किळस?

तेच सांगायला हा कागद घेतलाय, आणि गेली दहा मिनिटं नुसती मशीनचं चाक फिरवतेय.

सकाळी उठले की आधी त्याच्या नळीची पिशवी. भरलेली, गरम, आत गाळ. ती बादलीत रिकामी करताना मी तोंडाने श्वास घेते. मग त्याला कुशीवर वळवते, पुसते, खालचं बदलते. त्याच्या मांडीवरून ओघळ गेलेला असतो. तो भिंतीकडे बघत असतो, मी फडक्याकडे. मग नळीभोवती पुसायचं. दुपारी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. चौदा महिने झाले. हात धुऊन बाहेर येते तर समोर टिकली, तशीच वाकलेली, तसेच थेंब, तोच वास. तेव्हा माझ्यात काहीतरी तुटतं. एक लघवी पुसून आले, आता दुसरी नाही. त्याच्याबाबतीत "नाही" म्हणायची सोय नाही. म्हणून तिच्याबाबतीत म्हटलं.

मला कुत्रीची किळस येत नव्हती गं. मला तुझ्या भावाची येते.

लिहिलं. खोडणार नाही.

बत्तीस वर्षं ज्याच्या उशाला डोकं टेकलं, त्याच्या अंगाला हात लावताना मला शिसारी येते. मग माझीच शिसारी येते. परक्या माणसाच्या हातून करून घ्यायला तो तयार नाही. पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, तर डाव्या हाताने पेला फेकून मारला. पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही. कुत्री बरी. तिला शिव्या देता येतात, "घाण मेली" म्हणता येतं. ते शब्द मला कोणाला तरी म्हणायचेच होते, तिच्या वाट्याला आले. आणि औषध तिचं राहिलं.

हे वाचून तू माझ्याशी बोलणं सोडलंस तरी मी समजून घेईन. पण डॉक्टरीणबाईंना काही बोलू नकोस. त्यांचं काही चुकलेलं नाही. आज दुपारी जाऊन मी त्यांनाही खरं सांगणार आहे.

वहिनी


२२ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र लॅबच्या कपडे बदलायच्या खोलीत उभ्याने वाचलं. नंतर अंगावरचा पांढरा कोट काढून टाकला. तो घालून बसायची मला लाज वाटली.

कारण तुझ्या फरशीवरच्या नमुन्यापेक्षा माझा अहवाल जास्त घाणेरडा होता.

बाटली माझ्या हातात आली तेव्हा ती कोमट होती. दोन दिवसांपूर्वीची तारीख होती. तळाशी केस होते, आणि एक लाल दोऱ्याचा तुकडाही. दोरा, वहिनी! मूत्राशयात दोरा कुठून येणार? मला त्याच क्षणी कळलं होतं की हे जमिनीवरून उचललंय. दुसऱ्या कोणाची बाटली असती तर "नमुना नाकारला" असा शिक्का मारून फेकली असती. महिन्याला वीस फेकते. पण तुझी होती, आणि मी साहेबांपुढे घरचं काम म्हणून मिरवलं होतं. म्हणून लावली. दोन दिवसांच्या उबेत वाढेल तो जंतू वाढला, लाटा पसरल्या. प्लेटच्या कडेला, लाटांच्या खाली, चार पांढरे गोल ठिपके होते. मी बघितले आणि स्वतःलाच म्हटलं, हे फरशीवरचे.

ते ठिपकेच खरे होते. सुईने काढलेल्या लघवीत दुसरं काहीच नाही, स्वच्छ प्लेटवर नुसते ते पांढरे ठिपके. हा जंतू कुत्र्यांच्या कातडीवर असतो, मूत्राशयात शिरला की लघवीत खडा बांधतो. मी ठणकावून द्यायला लावलेलं इंजेक्शन त्याच्यावर चालतच नाही. म्हणजे टिकलीची मूत्रपिंडं मी उगाच जाळली. वर त्या पोरीला फैलावर घेतलं. ती नको म्हणत होती. ती बरोबर होती.

साहेबांना सगळं सांगितलं. ते मोठ्याने बोलले नाहीत, नुसता दोऱ्याबद्दलचा भाग दोनदा ऐकून घेतला. महिनाभर माझ्या प्रत्येक अहवालावर दुसऱ्याची सही लागणार आहे. तुझ्या डॉक्टरीणबाईंना माफीचं पत्र लिहिलंय.

आता कामाचं. खडा आत असताना गोळ्यांनी काही होणार नाही. आधी ऑपरेशन करून तो काढायचा. औषधांपैकी दोनच चालतात. एक माणसांसाठी, अगदी शेवटचं म्हणून राखून ठेवलेलं आहे. ते डॉक्टरीणबाईही देणार नाहीत आणि आपणही मागायचं नाही. दुसरं साध्या गोळ्यांचं, जुनं आहे, तिच्या मूत्रपिंडांकडे बघत देता येईल. ते वाया गेलं तर पुढे काही नाही. हे घाबरवायला लिहीत नाही, पण आपल्या दोघींनी मिळून एवढंच शिल्लक ठेवलंय.

मी दोन आठवड्यांची रजा टाकली आहे. रविवारी येते.

आणि राहिलं ते. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. सोळा वर्षं मी या टेबलावर आहे आणि मला अजून किळस येते. हातमोजे असतात, मास्क असतो, पंखा असतो, आणि पाच वाजले की मी उठून घरी जाते. तुला पाच वाजत नाहीत. माझ्याच भावाला मी चौदा महिन्यांत तीनदा बघायला आले, तिन्ही वेळा फळं घेऊन, आणि पिशवी बदलायची वेळ झाली की बाल्कनीत जाऊन उभी राहिले. तुला ते दिसलं असणार.

तुझी


२ एप्रिल

प्रिय वन्सं,

तू गेल्यापासून लिहीन म्हणतेय. आधी टिकलीचं सांगते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल.

खडा काढला ती जखम भरली, आणि शेवटची गोळी गेल्या आठवड्यात झाली. सगळ्या माझ्या हाताने, सगळ्या पोटात. तू शिकवलंस तशी मानेखाली चोळत बसते, गिळल्याचं हाताला कळेपर्यंत. हात अजून लाळेने भरतो, मला अजून ओकारी येते. येऊ दे. गोळी मात्र आत जाते. औषध संपल्यावर डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सुईने लघवी काढली, आणि तुझ्या प्लेटवर काही उगवलं नाही हे तूच कळवलंस. मूत्रपिंडं पहिल्यासारखी होणार नाहीत. जन्मभर पथ्याचं खाणं आणि दर दोन महिन्यांनी रक्त. किती वर्षं, ते त्या सांगत नाहीत, मीही विचारत नाही. फरशी कोरडी आहे. कोरड्या फरशीवरून चालताना अजून मी खाली बघूनच चालते.

आता दुसरं. तू होतीस ते दोन आठवडे पिशवी तू बदलत होतीस. पहिल्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन ओकलीस आणि नळ सोडून आवाज लपवलास, तोही मला ऐकू आला. तू गेल्यावर पहिल्या सकाळी मी बादली घेऊन त्याच्या पलंगाशी उभी राहिले आणि माझे हात हलेनात. त्याने बघितलं. म्हणाला, "क-काय?"

मी ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. "मला किळस येते," म्हटलं. "तुझी. पंधरा महिने येतेय. टिकलीच्या गोळ्या मीच फेकत होते."

वाटलं, आता उशाशी असेल ते अंगावर येईल. मग त्याचा डावा हात पांघरुणावर दोनदा आपटला, त्याला शब्द सापडत नसला की आपटतो तसा. मी खाली वाकले.

"म-मला प-पण," म्हणाला. "म-माझीच."

वन्सं, मी बादली हातात धरून रडले आणि तोही त्या अर्ध्या तोंडाने रडला, आणि मग त्याची पिशवी गळायला लागली तेव्हा आम्ही दोघंही "शी!" म्हणालो, एकदम, मोठ्याने. पंधरा महिन्यांत त्या खोलीत तो शब्द पहिल्यांदा उच्चारला गेला. मी पुसलं. तो भिंतीकडे वळला नाही.

मग मी पुन्हा विचारलं, माणूस बोलवू का म्हणून. मी म्हटलं, "मी नोकराणी म्हणून कंटाळले नाही. बायको म्हणून हात लावायचा राहून जातोय." त्याने डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःहून म्हणाला, "ब-बोलव."

सोमवारपासून एक सेवक येतो, आठ ते अकरा. दांडगा आहे, काम करताना शीळ घालतो. आतून "सरका काका, असे सरका" ऐकू येत होतं आणि मी मशीनवर बसून एका पँटची शिवण दोनदा चुकवली. आत गेले नाही. अकरा वाजता त्याने दार उघडलं, हात पुसत निघून गेला.

तेव्हा मी हात न धुता, पदर न खोचता त्या खोलीत गेले, आणि पलंगाच्या कडेला नुसती बसले.

वहिनी